काटक यीस्ट

सुमेधनं कुरुंद्याच्या आपल्या वावरातल्या मातीतून यीस्ट वेगळं काढलं. भरपूर गूळ, कमी नायट्रोजन, तीस अंशांची ऊब. एवढे लाड केले की यीस्ट अंगात तेल साठवतं, असं पुस्तकात होतं. याचं यीस्ट मात्र सगळा गूळ खाऊन काटकच राहिलं. म्हणून हिंगोलीत कॉलेजच्या प्रदर्शनात त्यानं नळीत घरचं, डोक्याला लावायचं तेल ओतलं.

परीक्षक सर नळी उजेडात धरून खूश झाले. कौतुकानं आलेल्या त्याच्या मायनं, चांगुणाबाईंनी, नळीचा वास घेतला.

"आरं, मी मेथी घालून कढवते, बराबर तेच तेल!"

सुमेधचे कान तापले.

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"वावरात बसून डोकं विंचरते न्हाई का मी? तेच मुरलं असंल मातीत. या बारक्या जिवांनी इमानदारीनं गोळा केलं बघा, सर."

माय यीस्टची तारीफ करतच राहिली. सुमेधला ते ऐकवेना.

"सर, तेल मीच ओतलं. यीस्टनं थेंबही दिला न्हाई."

सरांनी नळी खाली ठेवली. चांगुणाबाई पदर सावरत हळूच म्हणाल्या, "चोरून काहून नेलं रं? मागितलं असतंस तर बाटली भरून दिली असती."