खिशात राहिलेली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी शिट्टी आहे. पितळेची. अंगावरचा चंदेरी मुलामा बराचसा उडाला आहे आणि तोंडाशी दातांच्या खुणा आहेत. पोटात बुचाची एक गोळी आहे. कोणी फुंकले की ती गरगर फिरते आणि मी ओरडते. कोणी फुंकले नाही तर मी म्हणजे पितळेचा तुकडा. स्वतःहून मला कधीच ओरडता येत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे जे घडले ते ऐकताना तुम्ही मला विचाराल, "मग तू काय करत होतीस?"

जळगावजवळच्या एका लहान स्टेशनाशेजारी रेल्वेचे क्वार्टर आहे. तिथल्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला मी हिवाळ्यापासून नुसत्या कडीने लटकले होते. समाधान माझा मालक. रेल्वेमार्गावर खडी आणि रूळ सांभाळणारा तरुण ट्रॅकमन. तो रोज माझ्यासमोरून पाणी प्यायला जायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. हा मला पुन्हा तोंडाला लावील की नाही, एवढा एकच प्रश्न माझ्यापाशी उरला होता.

माझी सुरुवात धुळ्याची. आग्रा रोडवरच्या एका खेळसामानाच्या दुकानातून जीवराम सरांनी मला विकत घेतले. सोनगीरजवळच्या शाळेत ते खेळ शिकवत. मी माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाही, श्वासावरून ओळखते. सरांच्या श्वासाला बडीशेपेचा वास असे आणि त्यांची फुंकर सरळ, लांब असे. किल्ल्याच्या पायथ्याच्या मैदानावर माझा आवाज गेला की सगळी पोरे रांगेत. तेव्हा मला वाटायचे, सगळे जग आपल्याच इशाऱ्यावर चालते. नव्याचे नऊ दिवस असतात, दुसरे काय.

समाधान त्याच पोरांतला. त्याचा दम चांगला होता, म्हणून कवायतीला सर मला त्याच्याकडे देत. खेळताना मात्र तो "बॉल उना! बॉल उना!" असा गलका करायचा. घरी सगळे अहिराणी बोलणारे. तिथे 'आला' म्हणजे 'उना' आणि 'आली' म्हणजे 'उनी'. सर त्याला दर वेळी थांबवत. "उना नाही रे, आला म्हण. पुढे नोकरी करायची आहे ना तुला?"

एकदा गोळाफेकीचा गोळा सरांच्याच पायावर पडला. तेव्हा मात्र सरांच्या तोंडून शुद्ध मराठी निघाले नाही. "मरी गऊ वं माय!" असेच निघाले. पोरे पोट धरधरून हसली. मीही सरांच्या छातीवर बसून हसले असते, पण मला हसता येत नाही. मित्रांनो, ही गोष्ट विसरू नका. माणूस कितीही शिकला तरी घाबरल्यावर आईच्या भाषेतच ओरडतो.

दहावी झाल्यावर सरांनी मला समाधानच्या गळ्यात घातले. "हाई ऱ्हाऊ दे तुले," एवढेच म्हणाले. त्या दिवशी सरांनी स्वतःच नियम मोडला.

मग आम्ही धुळ्याला गेलो. समाधानने आयटीआयला फिटरचा कोर्स घेतला. देवपुरात एका खोलीत चार पोरे राहायची आणि आळीपाळीने भात करपवायची. लग्नसराईत समाधान एका मंगल कार्यालयाच्या दारात गाड्या लावायला उभा राहत असे. वऱ्हाडाच्या गाड्यांना मी वाट दाखवत असे. तिथे त्याची जीभ बदलली. "गाडी आली, थोडी मागे घ्या साहेब," असे तो सफाईने म्हणू लागला. 'उनी' हा शब्द फक्त फोनवर आईसाठी उरला. त्याची आई भिकुबाई रोज विचारायची, "जेवना का रे?" आणि तो म्हणायचा, "जेवनू माय."

पुढे जळगाव. पिंप्राळ्यात भाड्याची खोली आणि पाइपच्या कारखान्यात कंत्राटी काम. मागे येणाऱ्या ट्रकला शिट्टी मारून थांबवायचे, माल चढवायचा. कंत्राट संपले की दुसरे कंत्राट, घरमालक बदलला की दुसरी खोली. कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच. प्रत्येक खोलीत शिरल्यावर समाधान सगळ्यात आधी माझ्यासाठी खिळा ठोकायचा. त्याच्या हे लक्षातही नव्हते, पण माझ्या होते.

जामनेरची दिपमाला लग्न होऊन आली तेव्हा तिने पहिल्यांदा हाच प्रश्न विचारला, "देवाचा फोटो राहिला बाजूला, आधी शिट्टी?" समाधान नुसता हसला. मग रेल्वेची भरती निघाली. लेखी परीक्षा झाली आणि शारीरिक चाचणीसाठी पळण्याची तयारी सुरू झाली. खांद्यावर वाळूचे पोते घेऊन समाधान मेहरूण तलावाच्या रस्त्याने पळायचा आणि दिपमाला मला फुंकायची. तिची फुंकर आखूड, पण धारदार. "अजून! अजून!" असे ती माझ्यातूनच ओरडायची. माझ्या आयुष्यात मी सगळ्यात सुखी होते ती त्या दिवसांत. हे मी उगाच सांगत नाही.

नोकरी लागली. क्वार्टर मिळाले. भिकुबाई गावाहून आली, भिंतींवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आते तुले कोठेच जानं नही." समाधानने खिळा ठोकला.

मित्रांनो, रुळांवर काम करणाऱ्या टोळीला गँग म्हणतात. माणसे खाली वाकून खडी ओढत असतात, त्यांचे लक्ष कामात असते. म्हणून एक जण काम न करता फक्त गाडीकडे बघत उभा राहतो. गाडी दिसली की त्याने शिट्टी मारायची, की सगळे बाजूला. समाधानचा दम आणि नजर चांगली, म्हणून हे काम बहुतेक त्याच्याकडे यायचे. गँगमध्ये कोणी खानदेशातले, कोणी बिहारचे, कोणी आणखी कुठले. भाषा सगळ्यांची वेगळी, पण शिट्टी सगळ्यांना कळते. म्हणून तर मी आहे.

धनसिंग हा समाधानचा जोडीदार. मध्य प्रदेशात सागरकडचा. थंडी त्याला सोसत नसे. त्या हिवाळ्यात त्याच्या आईने त्याला लोकरीची माकडटोपी विणून पाठवली होती, लाल आणि पिवळी. सगळी गँग त्याला चिडवायची. "असली ऊनी है," तो अभिमानाने सांगायचा. हिंदीत ऊनी म्हणजे लोकरीची. टोपी काढली की तो ती घडी करून शेजारी रुळांखालच्या स्लीपरवर ठेवायचा आणि डोळ्यात तेल घालून तिच्यावर लक्ष ठेवायचा.

माझी दोरी त्या आठवड्यात तुटली होती. "उद्या बुटाची नाडी आणतो," असे समाधान रोज म्हणायचा आणि मला स्वेटरच्या खिशात टाकायचा. त्या दिवशी ऊन वर आले. त्याने स्वेटर काढला आणि जवळच्या बाभळीला अडकवला. मी स्वेटरच्या खिशात. तो झेंडी घेऊन वळणापाशी उभा राहिला.

शेजारच्या रुळावरून लांबलचक मालगाडी धडधडत चालली होती. तेवढ्यात आमच्या रुळावर वळणाआडून येणारी एक्स्प्रेस दिसली. समाधानचा हात गळ्याकडे गेला. गळ्यात मी नव्हते. बाभूळ लांब होती. त्याने झेंडी हलवली आणि जीव तोडून ओरडला. "गाडी उनी! गाडी उनी! उनी!"

खानदेशातली माणसे उडी मारून बाजूला झाली. त्यांना बघून बिहारची माणसेही पळाली. धनसिंग पाठमोरा होता. मालगाडीच्या आवाजात त्याला एवढेच ऐकू आले: ऊनी. त्याला वाटले, समाधान टोपीबद्दल ओरडतो आहे. टोपी उडाली असेल. तो वळला, खाली वाकला आणि टोपी उचलली. त्याच्या हातात टोपी आली आणि एका पायावरून गाडी गेली.

मी खिशातून सगळे ऐकले. मला काही करता आले नाही. मालगाडी बराच वेळ जातच होती.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर धनसिंगने गँगच्या साहेबांना सांगितले, "हमने समझा, टोपी की बात कर रहा है." चौकशी झाली. समाधानने जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. त्याला शिक्षा मिळाली, ती त्याने भोगली आणि दुसऱ्या गँगमध्ये फावड्याच्या कामावर गेला. कायद्याच्या हिशेबाने गोष्ट तिथे संपली.

घरात काय झाले ते मी खिळ्यावरून पाहिले. कोणी रडले नाही, भांडले नाही. समाधान कामाला जाई, येई, जेवी, झोपी जाई. दिपमालाने ताटात काय वाढले ते त्याला कळत नसे. एकदा तिने मुद्दाम भाजीत मीठ घातले नाही. त्याने सगळी संपवली. ती स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि कितीतरी वेळ नुसती उभी राहिली.

आईचा फोन येई. "जेवना का रे?"

"जेवलो."

"असा साहेबसारखा काब्र बोलस रे?"

"काही नाही. ठेवतो."

'उनी' या एका शब्दाबरोबर त्याने सगळी भाषाच टाकून दिली होती. आता ती त्याच्या तोंडात येतच नव्हती. मला त्याचा राग येत नव्हता. मला काहीच वाटत नव्हते. वारा आला की मी भिंतीवर थोडी हलायची, तेवढेच.

उन्हाळा संपता संपता साहेबांनी त्याला बोलावले. म्हणाले, नजर तुझीच चांगली आहे, पुन्हा गाडी बघायला उभा राहा. समाधान म्हणाला, जमणार नाही. घरी येऊन दिपमालाला म्हणाला, "नोकरी सोडतो. पुन्हा कारखान्यात जाऊ." दिपमालाने खोलीभर नजर फिरवली. "मग सामान बांधायला घेते," ती म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हते. काहीच न वाटण्याचा हा आजार संसर्गाचा असतो, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांना सांगायला निघाला. मला नेण्याचे त्याच्या मनात नव्हते. पण दिपमालाने सामान आवरायला घेतले होते. खिळ्यावरून मला काढून तिने त्याच्या शर्टाच्या खिशात टाकले. "ही सरांची. परत द्यायची तर तूच दे," म्हणाली.

साहेब रुळांवर होते, जुन्या गँगच्या कामावर. समाधान खडीतून चालत तिकडे गेला. गाडी बघायला एक नवी तरुण बाई उभी होती, राजस्थानहून भरती झालेली. गळ्यात शिट्टी, हातात झेंडी. समाधान साहेबांजवळ पोचतो न पोचतो तोच तिने लांब शिट्टी मारली आणि पाठोपाठ खणखणीत आवाजात ओरडली, "उनी! उनी! गाडी उनी!"

बिहारची, खानदेशची, सगळी माणसे एका उडीत बाजूला झाली. समाधानही झाला. त्याचे पाय आधी हलले, डोके मागून आले. गाडी धाडधाड निघून गेली. मला त्याच्या छातीचे ठोके खिशातून ऐकू येत होते. कितीतरी महिन्यांनी.

त्याने त्या बाईला विचारले, "ये शब्द कहाँ सीखा?"

"उनी? ये तो रेलवे का शब्द है ना?" तिला प्रश्नच कळला नाही. "टूलरूमवाले भैया सिखाते हैं. सबेरे जो उनी नहीं बोलता, उसको फावड़ा नहीं देते."

टूलरूमवाला भैया म्हणजे धनसिंग. नकली पाय बसवून तो तिथे कामाला लागला होता. दवाखान्यानंतर समाधान त्याच्यासमोर गेलाच नव्हता. त्या दिवशी गेला. धनसिंग स्टुलावर बसून खडी ओढायचे पंजे मोजत होता. लाल-पिवळी टोपी खिडकीत ठेवलेली होती. समाधानला पाहून त्याने हातातला पंजा खाली ठेवला.

मग धनसिंग म्हणाला, "पहले बोल."

समाधानला कळले नाही.

"नियम सबके लिए है. बोल."

समाधानचे ओठ हलले. "उनी," तो म्हणाला.

"हाँ." धनसिंगने मान हलवली. "तूने ठीक ही बोला था, भाई. मुझे आता नहीं था. अब सबको आता है." आणि मग नकली पायावर हात आपटून म्हणाला, "मोज़े का खर्चा आधा हो गया."

समाधान हसला नाही. रडलाही नाही. टोपी मात्र त्याने उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि पुन्हा होती तशी ठेवली. साहेबांना सांगायचे ते त्याने सांगितले नाही.

घरी येऊन त्याने मला पाण्याने धुतले. माझ्या पोटात त्या दिवशीची रुळांवरची धूळ तशीच होती, ती काडीने काढली. मग बुटाची नाडी घेतली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. आईचा फोन आला.

"जेवना का रे?"

"नही माय, आते जेवस."

पलीकडून भिकुबाई म्हणाली, "बरं. पोटभर जेव." दिपमालाने बांधलेले गाठोडे सोडले आणि त्यातला तवा चुलीवर ठेवला.

आता मी रोज समाधानच्या गळ्यात असते. सगळे ठीक झाले असे मी म्हणणार नाही. पाय गेला तो गेला. समाधान अजून कमी बोलतो. पण गाडी दिसली की त्याचा श्वास माझ्यात येतो, पूर्वीसारखाच भरून.

मित्रांनो, माझ्यासारख्या लहान वस्तूची दोरी तुटली तर उद्यावर ढकलू नका. मला खिशात ठेवू नका, गळ्यात ठेवा. एवढे करूनही एखाद्या दिवशी शिट्टी हाताशी नसेल. तेव्हा तुम्ही ओरडाल, आणि आईच्याच भाषेत ओरडाल. म्हणून शेजारी वाकून काम करणाऱ्याला तो शब्द आजच शिकवून ठेवा.