दाताला न लागणारी भुकटी

"हे कितव्या नंबरच्या चाळणीतून जातं?" बाबांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंचं बोट कागदावरच्या यकृताच्या चित्रावर थांबलं. मघापासून त्या समजावत होत्या. नेहमीचं औषध रक्तात सोडलं की अंगभर फिरतं आणि बऱ्यावाईट सगळ्यालाच भाजत जातं. हे औषध मात्र अतिसूक्ष्म कणांच्या पोटात भरलंय, नॅनोकण म्हणतात त्यांना, आणि ते कण यकृतातल्या गाठीपाशी पोचल्यावरच उघडतात. एका केसाच्या जाडीत असे हजारभर शेजारीशेजारी बसतील. औषध अजून अभ्यासातच होतं. मोजकीच माणसं घ्यायची होती आणि शेवटची एक जागा उरली होती.

"चाळणीचं काय म्हणालात, काका?"

"काही नाही, सवय आहे त्यांना कोड्यात बोलायची," लेक मध्येच म्हणाली.

बाईंना हसू आलं. "कुठल्याही चाळणीतून जाईल हे."

"मग आत गेलेलं बाहेर कुठून काढायचं?"

"बरंचसं आपोआप निघून जातं. थोडं राहतं. किती दिवस, ते आम्हालाही अजून पुरतं ठाऊक नाही." बाई उठल्या. "तुम्ही संमतीचा कागद वाचा निवांत. मी आलेच."

दार लागताच लेकीनं पेन पुढे केलं. बाबांनी ते घेतलं नाही.

"चौदाव्या प्रश्नाला तू 'नाही' लिहिलंस."

"हो."

"ते खोटं आहे, बाळ."

तिला ठाऊक होतं. तीन दिवसांपूर्वी घरी अर्ज भरताना चौदावा प्रश्न आला, 'अतिसूक्ष्म भुकटीशी कामानिमित्त संबंध आला होता का?' आणि बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा ती गोष्ट तोंडातून काढली होती.

एकतीस वर्षं ते रंगाच्या कारखान्यात चाळण खात्यात होते. आलेली प्रत्येक भुकटी चाळायची, जाडंभरडं वर राहील ते बाजूला काढायचं. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दुपार व्हायची. बाबांचा तिथल्या तिथे मिळायचा. रंगात पडणाऱ्या खडूच्या भुकटीची चिमूट पुढच्या दातांत धरायची, दात हलकेच घासायचे, थुंकून टाकायचं. कचकच लागली की पोतं परत. अहवाल आणि बाबा यांच्यात कधी तफावत पडली, तर साहेब अहवाल पुन्हा मागवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि खात्यात नवं माणूस आलं की मास्तर आधी त्याला दातांची परीक्षा शिकवत.

निवृत्तीला चार वर्षं उरली असताना बंद पिंपांतून नवी पांढरी भुकटी आली. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की ही ज्या भिंतीवर लागेल ती भिंत आपली आपणच स्वच्छ राहील, धूळ धरणार नाही, बुरशी चढणार नाही. तोंडाला मुसकी बांधा म्हणाले. मास्तरांनी मुसकी बांधली, आणि हाताच्या सवयीनं ती हनुवटीवर ओढून एक चिमूट दातांत धरली.

"काहीच लागलं नाही बघ," अर्ज भरताना ते लेकीला म्हणाले होते. "तोंडात काही ठेवलंच नाही असं. एवढा चांगला माल मी जन्मात पाहिला नव्हता. मी खूष झालो. थुंकलोसुद्धा नाही."

त्यानंतर चार वर्षं, रोज.

आता ती कागदावर वाकून हळू आवाजात बोलत होती. "बाबा, अठरावा नियम वाचलात ना? आधीच अंगात असले कण असतील तर अभ्यासात घेत नाहीत. त्यांचे आकडे बिघडतात. तुम्ही सांगितलंत की जागा गेली."

"वाचलं."

"मग? आकडे जास्त लाडके का तुम्हाला? आयुष्यभर सगळं सांगत बसायची सवय नव्हती तुम्हाला. आईनं अर्धं आयुष्य तुमच्या तोंडून शब्द काढण्यात घालवलं. आजच कुठून कंठ फुटला?"

बाबा हसले. आईचं नाव निघालं की हसायचे तसे. मग म्हणाले, "अकरा जण."

"काय?"

"नवी भुकटी आल्यावर खात्यात अकरा माणसं आली. सगळ्यांना मी शिकवलं. एक मुलगी घाबरत होती, तिला म्हटलं, अगं, मास्तर मेला का? घे."

 लेक पेनाचं टोपण काढत राहिली, लावत राहिली. अकरा जणांपैकी एकाचाही चेहरा तिला माहीत नव्हता. समोरचा चेहरा माहीत होता. गेल्या दोन महिन्यांत त्याच्या गालांची हाडं वर आली होती, डोळ्यांत पिवळेपणा उतरला होता. ते अकरा जण या घटकेला मेले काय, जगले काय, असा विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तिला स्वतःची भीती वाटली.

"आधी औषध घेऊ," ती म्हणाली. "मग सांगू. मी सांगेन. शपथ."

"आणि त्यांच्या वहीत माझा खोटा आकडा बसेल. त्यावरून पुढच्याला औषध देतील." ते थांबले. "मिसळ झालेला माल मी कधी पुढे पाठवला नाही गं."

दार उघडलं. बाईंच्या आधी बाबाच बोलले. सगळं सांगितलं, चिमटीनं दाखवूनसुद्धा. बाई खुर्चीत बसल्या. 

"त्यामुळंच झालं हे?" लेकीनं विचारलं.

"तसं मी म्हणणार नाही. तसं नाही, असंही म्हणता येणार नाही." बाईंनी संमतीचा कागद सावकाश स्वतःकडे ओढला. "काका, हे औषध आता मला तुम्हाला देता येणार नाही. दुसरे उपचार करू आपण. नेहमीचेच. पण हे... तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. त्या अकरा जणांना तपासाल?"

"नावं द्या. मी स्वतः बोलावते."

लेकीनं कोरा कागद घेतला. बाबा खात्यातल्या हाकेच्या नावांनी सांगू लागले. पिंपवाली. लंबू. जुळ्यांची आई. तोतरा आणि त्याचा मेहुणा. मध्येच एक आठवेना, तेव्हा डोळे मिटून ते चाळणीभोवती कोण कुठे उभं असायचं ते बोटानं हवेत दाखवत गेले, आणि बोट थांबलं तिथलं माणूस सापडलं. ती जितकं हळू लिहिता येईल तितकं हळू लिहीत होती. यादी संपली की उठावं लागणार होतं.

"अकरा," ती म्हणाली.

"माझं वर लिही. सगळ्यांच्या वर."

वर जागा नव्हती. समासात, बारीक अक्षरांत तिनं लिहिलं.

बाहेर बाकावर एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या डोळ्यांत तसाच पिवळेपणा. बाबा दिसताच बायको उठून उभी राहिली.

"आम्हाला म्हणाले होते, बाहेर थांबा, जागा झाली तर बोलावू. कशा आहेत हो बाई?"

"चांगल्या आहेत," बाबा म्हणाले. "माहीत नसेल तर नाही म्हणून सांगतात. जा आत."

त्यांनी दार धरून ठेवलं. दोघं आत गेल्यावर, आवाज होणार नाही असं ते लावून घेतलं, आणि जिन्याकडे चालू लागले. लेकीनं फाइल दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांच्या चालीनं चालायला लागली.