पाचव्या चित्राची शेपटी

हिसाए कुमोननं उवाजिमाच्या बंदरावर त्रेचाळीस वर्षं मोती निवडले. कुणालाच न दिसणारा खड्डा तिला दिसायचा, आणि मालकाला तो दिसेपर्यंत ती मोती पुढे सरकू देत नसे. निवृत्त झाल्यावर तिनं दीर्घिका निवडायला घेतल्या. वेधशाळेच्या संकेतस्थळावर फोटो यायचे. दीर्घिका गोल आहे, सर्पिल आहे की दुसरीवर धडकलेली, एवढं सांगायचं. पगार नाही.

नवरा तात्सुओही तेच करायचा. चहा पिता पिता तो प्रत्येक फोटोला 'गोल' म्हणायचा. बऱ्याचशा दीर्घिका खरंच गोल निघाल्यामुळे चार महिन्यांत त्याला 'कप्तान' हा हुद्दा मिळाला, वर टोपीचं चित्र.

हिसाए मात्र सुरुवातीच्या परीक्षेतच अडकली. पाचव्या चित्राचं ठरलेलं उत्तर होतं 'गोल'. तिला तिथे फिकट शेपटी दिसत होती, दुसऱ्या दीर्घिकेनं ओढून काढल्यासारखी.

"मिसोच्या सुपाचा डाग असेल," तात्सुओ म्हणाला.

तिनं मोत्यांच्या फडक्यानं पडदा पुसला. डाग गेला. शेपटी राहिली.

तीनदा चुकलं की खातं बंद. ती दोनदा चुकली होती.

"अगं, गोल म्हण आणि मोकळी हो. पुढे लाखभर चित्रं पडलीत."

"अहो कप्तान, न बघता गोल म्हणायला तुम्ही आहात की. मग माझी काय गरज?"

तिनं 'धडक' दाबलं. खातं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं 'इयोकान' या नावानं नवं खातं उघडलं. ते बंद पडल्यावर 'पोंकान', मग 'सेतोका'. संत्र्यांच्या जाती संपल्यावर ती माशांकडे वळली. हरकतीच्या रकान्यात दरवेळी एकच वाक्य : शेपटी आहे.

वसंतात वेधशाळेचं पत्र आलं. तिला ते चाळीस वेळा आलं. 'पाचव्या चित्रावर एकेचाळीस स्वयंसेवकांनी हरकत घेतली आहे. ते परीक्षेतून काढलं असून मोठ्या दुर्बिणीतून पुन्हा पाहू.'

हिसाएनं वहीतली नावं दोनदा मोजली.

"अहो, मी चाळीसच आहे."

तात्सुओ चहा ओतत राहिला. त्याच्या पडद्यावर टोपी नव्हती. 'परीक्षा पुन्हा दिली : तीन चुका. खातं बंद' एवढंच होतं.

"मिसोचा डाग म्हणाला होतात."

"डाग होताच. पुसल्यावर गेला." त्यानं आपलं आसन तिच्याजवळ ओढलं. "नवं खातं उघड आणि परीक्षेतलं ते सहावं चित्र दाखव बघू. त्याचंही मला काही पटत नाहीये."