वरचे दात कंपनीचे

पगार घेऊन दिवसभर बिस्किटं खायची नोकरी म्हटल्यावर लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. ज्याची ती नोकरी होती त्याच्या तोंडचं पाणी कधीच आटलं होतं. कारखान्यात त्याला सगळे कुरकुऱ्या म्हणायचे. प्रत्येक घाण्यातलं एक बिस्किट डाव्या दाढेखाली धरायचं आणि चावायचं. 'कट्' असा आवाज आला की हिरवा दिवा, नाही आला की लाल. लाल लागला की अख्खा घाणा डुकरांच्या खाद्यात जायचा. मध्यंतरी या कामाला एक यंत्र आणलं होतं, पण त्याला मऊपणातला फरक कळेना. कुरकुऱ्याला कळायचा.

मग त्याची डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली.

तो विम्याचं काम बघणाऱ्या मॅडमकडे गेला.

"वरची की खालची?" मॅडमनी मान वर न करता विचारलं.

"खालची."

"मग अवघड आहे."

अवघड होतंच. इतर ठिकाणी विम्याचा हप्ता मालक आणि कामगार अर्धा अर्धा भरतात. इथल्या मालकांना हप्त्याचे तुकडे करणं पटेना, म्हणून त्यांनी माणसाचे केले. कंबरेच्या वर कंपनी, कंबरेखाली कामगार. दातांचंही तसंच. वरची रांग कंपनीची, खालची ज्याची त्याची. भट्टीवाल्याच्या नेमक्या कंबरेवर ट्रे पडला तेव्हा ऑफिसातून दोघं जण टेप घेऊन दवाखान्यात गेले होते. वरच्या टाक्यांचे पैसे कंपनीने दिले. खालच्या टाक्यांचे त्याच्या पगारातून अजून कापले जात होते.

"पण मॅडम, बिस्किट दोन्ही दाढांत मिळून चावतो मी. वरची एकटी काय करणार?"

"वरची काम करतेय ना नीट? मग कंपनीची काही तक्रार नाही."

"खालची कंपनीच्याच कामात झिजली."

"दादा, खालचा जबडा हलतो, वरचा जागचा हलत नाही. हलतो तो झिजणार. उगाच का मालकांनी वरचा घेतला?"

दातांचा डॉक्टर पोरगेला होता. त्याने रूट कॅनॉलचा खर्च सांगितला आणि कुरकुऱ्याची न दुखणारी बाजूही दुखल्यासारखी झाली.

"काका, वरचीचं करून घेता का?" डॉक्टर म्हणाला. "ठणठणीत आहे, पण करता येईल."

"त्याने खालचीला आराम पडेल?"

"नाही. पण बिल पास होईल."

कुरकुऱ्याने यावर खरोखरच विचार केला. घरी बायकोला सांगितलं, तर तिने दाढेत लवंग धरायला दिली आणि म्हणाली, "अहो, मॅडमसमोर डोक्यावर उभे राहा. खालची आपोआप वर येईल."

"विचारलं मी. नियमात 'उभ्या माणसाचे दात' असं लिहिलंय."

कामावर आता त्याची परीक्षा सुरू झाली. उजवीकडची दाढ मागेच पडली होती, तिथे नुसतं भगदाड. चांगलं खुसखुशीत बिस्किट दाढेखाली आलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि हात आपोआप लाल बटणावर जायचा. मऊ निघालं की बिचाऱ्याला इतकं हायसं वाटायचं की हिरवा दिवा लागून जायचा. डुकरं तट्ट फुगली. रोजची बोलणी खाऊन भट्टीवाला शहाणा झाला आणि ट्रे लवकर बाहेर काढायला लागला. बाजारात मऊ माल गेला. कुरकुऱ्या डबा आवरून नोकरी जायची वाट बघत बसला.

मागणी दुप्पट झाली.

आसपासच्या सगळ्या कंपन्यांनी हाच विमा घेतला होता, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. खालची दाढ धरून बसलेली माणसं घरोघरी होती. मालक स्वतः खाली आले, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि काय हवं ते माग म्हणाले.

"साहेब, दाढ," कुरकुऱ्या म्हणाला.

"दाढ कशाला आता? मऊ बिस्किटाला आवाज नसतो. बोटाने दाबून बघितलं तरी कळतं. भट्टीवाल्याला बोटं आहेतच की."

निरोपाला बिस्किटांचा मोठा डबा मिळाला. कागदावर सही घेताना मॅडम समजूत काढत म्हणाल्या, "आजपासून वरचेही तुमचेच, दादा."

डॉक्टरकडे तो दाढ काढूनच घ्यायला गेला. काढणं स्वस्त होतं. घरातून निघताना बायकोने भाजीचे पैसे त्याच्या हातावर ठेवले होते.

डॉक्टरने सुई टोचली. तोंडाचा अर्धा भाग दगडासारखा झाला.

"एक सांगून ठेवतो, काका. ही गेली की वरचीला टेकायला खाली कोणी राहणार नाही. मग ती हळूहळू खाली सरकते. पुढेमागे तीही काढावी लागेल."

कुरकुऱ्याला विचारायचं होतं, की खाली उतरली तर ती कोणाची धरायची. पण तोंडात डॉक्टरची दोन बोटं होती, आणि उत्तर त्याला मॅडमनी आधीच दिलं होतं.

"आ करा," डॉक्टर म्हणाला.

त्याने केला. दाढ निघाल्यावर कापसाचा बोळा चावून धरायला सांगितला, तेव्हा तोही त्याने सवयीने एकदाच, कान देऊन चावला. आवाज आला नाही.