डाव्या डोळ्याची काचपट्टी

डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत डोळे कापायचं काम ताईंचं. ताई म्हणजे सगळ्यांच्याच ताई, साहेबांच्यासुद्धा. मेलेल्या माणसाचा डोळा बरणीतून काढायचा, मेणात बसवायचा, केसाहून पातळ काप घ्यायचे, रंगवायचे, काचपट्टीवर चढवायचे. डोळ्याचा आतला पडदा म्हणजे भिजलेल्या कागदासारखा. जरा हयगय झाली की गेलाच. ताईंनी असे किती पडदे निगुतीनं सांभाळले, त्याची गणती नाही. आणि हातचा गेला तो नेमका सख्ख्या भावाचा!

हा धाकटा भाऊ मालाची व्हॅन चालवायचा. शाळेला सुट्टी म्हणून पोरीला शेजारी बसवून घेऊन गेला आणि भर दुपारी उभ्या ट्रकवर आदळला. पोर जागच्या जागी गेली. तो दोन दिवस तगला, आणि येईल त्याचा हात धरून एकच सांगत राहिला, "डाव्या डोळ्यावर एकदम काळी सावली चढली हो, ट्रक दिसलाच नाही." कोण ऐकतंय! डुलकी लागली असणार, आता सारवासारव करतोय, म्हणाले लोक. पोटच्या पोरीचा जीव घेतलास, असंही त्याच्या तोंडावर बोलून मोकळे झाले. अरे मेल्यांनो, मरणाऱ्याला तरी सोडा!

ताईंना ती सावली ठाऊक होती. आतला पडदा मागच्या भिंतीपासून सुटला की अगदी अशीच सावली येते. भाऊ गेला तशा त्या भावजयीला म्हणाल्या, "त्याचा डोळा आमच्याकडे दे. तो खरं बोलत होता की नाही, याचा एकदाचा निकाल लागू दे." भावजयीनं मान खाली घालून सही केली.

"ताई, हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या," साहेब म्हणाले.

"माझ्या भावाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

डोळा आला तेव्हा ताईंना समोरचं धड दिसत नव्हतं, इतकं पाणी लागलं होतं डोळ्यांना. डोळ्यांसाठीचं खास द्रावण वरच्या फळीवर होतं. हाताशी होती ती साध्या फॉर्मॅलिनची बरणी. ताईंनी तो तिच्यातच सोडला.

पुढे काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर पडदा सुटलेला. ताईंचा जीव भांड्यात पडला. खरं बोलत होता गं बाई माझा भाऊ! मग साहेबांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "ठेवला कशात होता?"

ताईंच्या पायाखालची जमीन सरकली. साध्या फॉर्मॅलिनमध्ये धडधाकट डोळ्याचा पडदाही आपसूक सुटतो, हे त्या स्वतः नव्या पोरींना घसा फोडून शिकवायच्या. सुटून महिने लोटले असते तर खुणा सापडल्या असत्या. पण हे प्रकरण ताजं. पडदा व्हॅनमध्ये सुटला की बरणीत, हे आता ब्रह्मदेव आला तरी सांगू शकणार नव्हता.

भावजयीच्या घरी जाताना त्यांनी वाटेतच ठरवलं, खोटं तर खोटं. भावाच्या कपाळचा डाग पुसला जाईल, हिच्याही जिवाला स्वस्थता मिळेल.

"पडदा सुटलेला होता गं," त्या म्हणाल्या. "त्याची काही चूक नव्हती."

भावजय भिंतीला धरून खाली बसली. आता रडेल, मोकळी होईल, असं ताईंना वाटलं. ती रडली नाही.

"त्या दिवशी सकाळी म्हणाले होते," ती म्हणाली, "डोळ्यात विजा चमकतायत, आज जात नाही, डॉक्टरला दाखवून येतो. मी म्हटलं, कामाचं नाव काढलं की तुमची नाटकं सुरू. उठा, आणि हिलाही घेऊन जा, माझ्या डोक्याला ताप नको." तिनं वर पाहिलं. "ताई, त्यांना डुलकीच लागलेली असू दे, असं मी रोज देवाला विनवत होते."

ताईंनी घाईघाईनं सगळं ओकून टाकलं. चुकीची बरणी, आपला हलगर्जीपणा, काचपट्टीवरून काही म्हणजे काहीच कळत नाही हे. हात जोडून सांगितलं.

"राहू द्या, ताई," भावजय म्हणाली. "माझी दया आली तुम्हाला, कळतंय मला. पण मघाशी तोंडातून निघालं तेच खरं."

ताईंनी शपथा घेतल्या. ती ऐकून घेत होती, मान डोलवत होती, आणि त्यातलं एक अक्षरही तिला पटत नव्हतं.