वस्ती उठवायला निघालेला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. हातात धरायचा, मागे बटण असलेला. कारखान्यात एकाने माझ्यातून "हॅलो, हॅलो" म्हटलं, तेव्हा शेजारचा कामगार कानांवर हात ठेवून पळाला. मी पास झालो आणि वनखात्यात लागलो.

माझं काम एकच. जीपचा ड्रायव्हर मला घेऊन जंगलातल्या आदिवासी वस्तीत जाई आणि ओरडे, "पालापाचोळा जाळणे गुन्हा आहे!" ती माणसं थंडी सरताना वस्तीभोवतीचा पाला जाळून मोकळा पट्टा करत. उन्हाळ्यातला वणवा तिथेच अडे. पण खात्याला आगच मंजूर नव्हती. पट्टा बंद झाला, माझं कौतुक झालं, आणि पाला गुडघाभर साठला.

मग एका दुपारी डोंगरमाथ्यावरून वणवा उतरू लागला. वायरलेसवर साहेब ओरडले, "वस्ती खाली करा! गाड्या पाठवतोय."

ड्रायव्हरने मला तोंडाला लावलं. समोर त्याची सासू उभी. तो याच वस्तीचा जावई.

"जावईबापू, हे तुम्ही बोलताय की सरकार?"

"मामी, थट्टा पुरे! आग दिसत नाही का?"

"दिसतेय की. मागच्या वणव्यात पलीकडची वस्ती उठली. परत आली तर दारात खात्याचं तारेचं कुंपण. अजून छावणीत पडलीयेत बिचारी. आम्ही नाही उठत. वारा डोंगराकडे आहे तोवर पट्टा जाळू द्या."

त्याने वायरलेसवर विचारलं.

"काडी ओढेल त्याच्यावर गुन्हा नोंदवा!"

"साहेब, गाड्या कुठवर आल्यात?"

"निघताहेत."

वणवा निम्मा डोंगर उतरला. ड्रायव्हरने वायरलेस खाली ठेवला. माझी मूठ त्याच्याच हातात होती. त्याने बटण दाबलं.

"ऐका हो! पोरांना नदीच्या वाळूत न्या. बाकीचे काड्या घेऊन कडेला या. मामी सांगतील तिथेच लावा!"

लावलेली आग पाला खात वर चढली आणि वणव्याला भिडली. असा आवाज झाला की मलाही माझ्या आवाजाची लाज वाटली. मग जाळायला काही उरलंच नाही. कडेची दोन घरं गेली. वस्ती राहिली.

गाड्या आल्या. न्यायला कोणी नव्हतं, म्हणून ड्रायव्हरला नेलं. गुन्हा: जंगलात आग लावणे. मी मुद्देमाल. तेव्हापासून कचेरीच्या अडगळीत, तोंडावर लाखेचं सील घेऊन पडलोय.

सोमवारी सुनावणी आहे. पुरावा म्हणून मलाही नेणार आहेत, सेल काढून. मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. तेवढे सेल घाला, आणि माझ्यामागे मामींना उभं करा.