लांडगीचे डोळे

सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये, चारुलताच्या हॉलात पंधरा दिवस एक आंधळी लांडगी उभी होती. अंगावरचा केस न् केस रंगवलेला, कान टवकारलेले, एक पाय उचललेला. डोळ्यांच्या जागी मात्र कोरा कॅनव्हास. घरी कोणी आलं की तिच्याकडे बघायचं आणि हळूच खुर्ची फिरवून बसायचं.

"चारूताई, रविवारी प्रदर्शन आहे," ते भरवणारा रूपेश म्हणाला. "दोन ठिपके तर राहिलेत. कशाला टेन्शन देता?"

दोन ठिपके म्हणे! चारुलता पेणची, मूर्तिकाराच्या घरची. तिचे वडील गणपतीचे डोळे सगळ्यांत शेवटी आखायचे, आंघोळ करून. डोळे आखले की मूर्ती बघायला लागते, म्हणून तिची पहिली नजर झेलायला समोर आरसा धरायची त्यांच्या घरची रीत. लेकीनेही जन्मभर डोळे शेवटीच काढले, आणि तेच तिला नडलं.

मार्चमध्ये ती देशावरच्या एका माळावर महिनाभर लांडगे बघत बसली होती. भिमाबाई धनगरणीने तिला लांडगीचं बीळ दाखवलं, पण एका अटीवर: ओढ्याच्या अलीकडेच बसायचं. वह्या भरल्या, पण लांडगी काही समोर बघेना. शेवटच्या दिवशी चारुलताने गुपचूप ओढा ओलांडला. लांडगीने वळून थेट तिच्या डोळ्यांत बघितलं. तेव्हा काय आनंद झाला होता तिला! हौसेला मोल नाही म्हणतात. असतं हो, फक्त ते दुसऱ्याला मोजावं लागतं.

दोन दिवसांनी भिमाबाईचा फोन आला. "ताई, बीळ सोडलं बगा तिनं. मानसाचा वास आला आसंल. पिल्लं तोंडात धरून हलवत हुती. दोन नेली. तिसरं नेताना रस्त्यावर ट्रकनं उडवलं, दोगांना बी." मग तिने विचारलं, "तुमी वढा वलांडला व्हता का?"

"नाही," चारुलता म्हणाली.

त्या दिवसापासून घरात पिल्लू कुईकुई करायला लागलं. कधी कपाटामागे, कधी लिफ्टमध्ये, भर दुपारी मिक्सर बंद केला की त्याच्या मागोमाग. शेजारणीला विचारलं, तर तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

शनिवारी दुपारी चारुलताने आंघोळ केली. वडिलांचा आरसा कपाटातून काढला, पुसला आणि परत ठेवून दिला. मग डोळे आखले. ब्रश खाली ठेवून ती कॅनव्हाससमोर उभी राहिली. ती नजर तिला ओळखीची होती. माळावर तिने ती राग समजून वहीत टिपली होती. ती भीती होती.

तिने फोन लावला. "भिमाबाई, मी खोटं बोलले. ओढा मी ओलांडला होता."

"ठावं हाय, ताई," भिमाबाई म्हणाली. "तुमच्या बुटाचं ठसं हुतं बिळापातुर. म्हून तर इचारलं हुतं."

फोन बंद झाला. चारुलताने खुर्ची ओढली आणि लांडगीकडे तोंड करून बसली. स्वयंपाकघरात पिल्लू अजून कुईकुई करत होतं.